बंद पडलेल्या यंत्राचा पंचनामा : बंगळुरूतील सिस्टीम सॉफ्टवेअर विकासकांचे न दिसणारे काम

बंगळुरू : १९ जुलै २०२४ रोजी देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे विंडोज प्रणालीवरील संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रांना याचा फटका बसला. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. तरीही विमानसेवा, रुग्णालये आणि बँकांचे व्यवहार अनेक देशांत विस्कळीत झाले.

या घटनेचे मूळ अगदी लहान होते. कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाला २० माहितीघटक पुरवले जात होते, तर नव्या फाइलमधील नियम २१ व्या घटकाची अपेक्षा करीत होता. जो घटक अस्तित्वातच नव्हता, तो वाचण्यासाठी कार्यक्रम आपल्या हद्दीबाहेरील स्मृतीत शिरला. साध्या उपयोजनात अशी चूक झाली असती, तर ते एक उपयोजन बंद पडले असते. हा कार्यक्रम मात्र प्रणालीच्या गाभ्यात चालत होता आणि गाभ्यातील चुकीला माफी नसते. सबंध यंत्र थांबते. शिवाय यंत्र सुरूच होत नसल्यामुळे दुरुस्ती दूरवरून करता येईना. असंख्य ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रत्येक संगणकाजवळ जाऊन ती फाइल हाताने काढून टाकावी लागली.

संगणकाच्या या गाभ्यात काम करणाऱ्या अभियंत्यांना सिस्टीम सॉफ्टवेअर विकासक म्हणतात. बंगळुरू हे अशा अभियंत्यांचे देशातील मोठे केंद्र आहे. बंद पडलेल्या यंत्राचे नेमके काय बिघडले, हे शोधून काढण्याची आज जगभर वापरात असलेली काही साधने याच शहरात घडली आहेत, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

सिस्टीम सॉफ्टवेअर म्हणजे काय?

तिकीट काढणे, पैसे पाठवणे, पत्र टंकित करणे अशी वापरकर्त्याची कामे करणारे सॉफ्टवेअर म्हणजे उपयोजन, अर्थात ॲप्लिकेशन. या उपयोजनांना प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क उपलब्ध करून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे सिस्टीम सॉफ्टवेअर. कार्यप्रणालीचे मध्यवर्ती अंग असलेले कर्नेल, उपकरणांशी बोलणारे ड्रायव्हर, फाइल प्रणाली, यंत्र सुरू करणारा बूटलोडर, कंपायलर आणि एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारा हायपरवायझर हे सर्व त्याचे भाग आहेत.

दोहोंतील खरा फरक अधिकारांचा आहे. प्रोसेसर दोन पातळ्यांवर काम करतो. उपयोजने मर्यादित अधिकारांच्या पातळीवर चालतात. एका उपयोजनाला दुसऱ्याच्या स्मृतीला हात लावता येत नाही. कर्नेल मात्र पूर्ण अधिकारांच्या पातळीवर चालते. वाड्यातील एखाद्या भाडेकरूच्या खोलीतला दिवा गेला, तर शेजारच्या बिऱ्हाडाचे काही अडत नाही. वाड्याचे आढे मोडले, तर मात्र सगळी बिऱ्हाडे उघड्यावर येतात. सिस्टीम सॉफ्टवेअर विकासकाचे काम त्या आढ्यावरचे आहे.

दुसरा फरक काळाच्या मोजमापाचा. उपयोजन लिहिणारा अभियंता सहसा सेकंद आणि मिलिसेकंदांत विचार करतो. कर्नेलमध्ये हिशेब नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा असतो. प्रोसेसरलगतच्या कॅशमधून माहिती मिळण्यास एखाद-दुसरा नॅनोसेकंद लागतो, तर मुख्य स्मृतीतून ती आणण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद. मीठ ओट्यावरच्या डब्यातून घ्यायचे की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणायचे, इतका हा फरक आहे. सेकंदाला लाखो वेळा चालणाऱ्या आज्ञावलीत असे अंतर जागोजागी राहिले, तर संपूर्ण यंत्र मंदावते.

बंगळुरूच का?

शहराची ही ओळख सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांच्या भरभराटीच्या आधीची आहे. भारतीय विज्ञान संस्था येथे १९०९ मध्ये स्थापन झाली. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. दूरध्वनी, रडार आणि विमानविद्या यांमुळे यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करणारे मनुष्यबळ शहरात तयार झाले.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीने बंगळुरूत आपले केंद्र उघडले. उपग्रहाद्वारे अमेरिकेशी थेट जोडलेल्या या केंद्राची तबकडी बैलगाडीतून नेली जात असल्याचे छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. इंटेल, एएमडी, आर्म, आयबीएम अशा कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रेही कालांतराने शहरात आली. जेथे चिपची रचना होते, तेथे त्या चिपसाठी ड्रायव्हर, कंपायलर आणि कर्नेलचे भाग लिहिणाऱ्यांचीही गरज भासते. नवी चिप प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीच तिच्या आभासी प्रतिकृतीवर सॉफ्टवेअरची तयारी सुरू करावी लागते.

त्याच दशकात सरकारी प्रयत्नांतूनही याच स्वरूपाचे काम उभे राहिले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी छोटे स्वयंचलित दूरध्वनी केंद्र विकसित केले. वातानुकूलनाविना, उष्णता आणि धूळ सोसून चालावे, अशी त्याची रचना होती. १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे असे पहिले केंद्र कार्यान्वित झाले. दूरध्वनी केंद्राचे सॉफ्टवेअर ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ या सल्ल्यावर चालू शकत नाही. अखंड चालणे हीच त्याची पहिली अट असते.

चालत्या यंत्राची नाडी

बंगळुरूचा जागतिक पातळीवरील ठसा स्पष्ट दिसतो तो लिनक्स कर्नेलमध्ये. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे कर्नेल आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. त्याची आज्ञावली तीन कोटी ओळींच्या पुढे गेली असून ती कोणालाही वाचता येते.

या आज्ञावलीतील ‘केप्रोब्ज’ नावाच्या फाइलच्या शिरोभागी एक नोंद आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये वम्सी कृष्ण एस. यांनी ही फाइल तयार केली, २००४ मध्ये प्रसन्ना पंचमुखी यांनी तीत सुधारणा केल्या आणि त्याच वर्षी सुपर्णा भट्टाचार्य यांनी तिला जोड दिली, असे ती सांगते. तिघेही आयबीएमच्या भारतातील लिनक्स चमूत होते. आयबीएमच्या ‘डायनॅमिक प्रोब्ज’ या जुन्या साधनाचा गाभा वेगळा काढून त्यांनी हे लहान, स्वतंत्र साधन उभे केले.

त्यामागील प्रश्न व्यावहारिक होता. बँकेचा किंवा दूरसंचार कंपनीचा सर्व्हर मंदावला आहे. दोष कर्नेलमध्ये असल्याचा संशय आहे. कर्नेलमध्ये तपासणीच्या ओळी घालून ते नव्याने बांधायचे, तर यंत्र बंद करावे लागते. यंत्र बंद केले की दोषही नाहीसा होतो आणि पुन्हा केव्हा उद्भवेल याचा नेम नसतो. रुग्णाला न उठवता नाडी पाहण्यासारखे हे काम होते.

केप्रोब्जने त्यावर दिलेले उत्तर असे. ज्या सूचनेपाशी तपासणी करायची, तिच्या जागी ‘येथे थांबा’ अशा अर्थाची एक विशेष सूचना ठेवली जाते. इंटेल वंशाच्या प्रोसेसरवर ती केवळ एका बाइटची असते. मूळ सूचना बाजूला जपून ठेवतात. प्रोसेसर त्या ठिकाणी पोहोचला की थांबतो, आपली तत्कालीन स्थिती नोंदवतो आणि तपासनीस आज्ञावलीला पाचारण करतो. तपासणी झाल्यावर मूळ सूचना पार पाडली जाते आणि काम पूर्ववत पुढे सुरू होते.

खरी मेख शेवटच्या टप्प्यात आहे. मूळ सूचना तात्पुरती आपल्या जागी परत ठेवून चालवणे हा वरवर सोपा मार्ग वाटतो. परंतु यंत्रात अनेक प्रोसेसर असतात. सूचना परत ठेवलेल्या त्या क्षणार्धात दुसरा प्रोसेसर तेथून तपासणीविना निसटू शकतो. म्हणून मूळ सूचनेची प्रत स्मृतीत अन्यत्र ठेवून ती तेथेच चालवली जाते. ‘थांबा’ची सूचना जागची हलतच नाही. तपासणी करणाऱ्या आज्ञावलीवरच तपासणी लावली, तर ती स्वतःलाच अखंड हाक मारत राहील; त्यामुळे कर्नेलमधील अशा भागांना या साधनातून वगळण्यात आले आहे. एकाच वेळी अनेक प्रोसेसर काय करीत असतील, याचा असा विचार करणे हेच या व्यवसायाचे मुख्य कौशल्य होय.

केप्रोब्ज ऑक्टोबर २००४ मध्ये कर्नेलच्या २.६.९ या आवृत्तीत समाविष्ट झाले. पहिल्या आराखड्यापासून दोन वर्षे गेली होती. हीच सोय उपयोजनांच्या तपासणीसाठी देणाऱ्या ‘यूप्रोब्ज’चा प्रवास आणखी लांबला. श्रीकर द्रोणमराजू आणि जिम केनिस्टन यांची नावे असलेली ती फाइल २००८ पासूनच्या कामाची नोंद दाखवते. मूळ कर्नेलमध्ये ती २०१२ मध्ये, ३.५ या आवृत्तीत आली. चालत्या सर्व्हरची कामगिरी मोजणारी आजची अनेक आधुनिक साधने याच दोन पायांवर उभी आहेत.

मृत्यूनंतरचा पंचनामा

काही वेळा नाडी पाहण्याची संधीच मिळत नाही, कर्नेल कोसळते. अशा वेळी यंत्राच्या स्मृतीत दोषाचा पुरावा असतो, परंतु यंत्र पुन्हा सुरू करताच तो पुसला जातो. कोसळणाऱ्या कर्नेलनेच तो पुरावा डिस्कवर लिहावा, ही कल्पना धोक्याची आहे. त्या क्षणी कर्नेलचे कोणते भाग शाबूत आहेत, याची खात्री नसते. बिघडलेला ड्रायव्हर चुकीच्या जागी लिहून चांगली माहितीही नष्ट करू शकतो.

‘केडंप’ या व्यवस्थेने हा पेच सोडवला. तिच्यावरील शोधनिबंध २००५ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिषदेत सादर झाला. आयबीएमचे विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि एरिक बीडरमन हे त्याचे लेखक होते. यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा छोटा भाग राखून ठेवायचा आणि त्यात दुसरे, छोटे कर्नेल तयार ठेवायचे, अशी ही योजना आहे. पहिले कर्नेल कोसळले की नियंत्रण थेट दुसऱ्याकडे जाते. यंत्राची नेहमीची आरंभप्रक्रिया टाळली जात असल्यामुळे जुनी स्मृती पुसली जात नाही. दुसरे कर्नेल राखीव जागेतूनच चालते, मृत कर्नेलची स्मृती एखाद्या फाइलसारखी वाचते, ती सुरक्षित ठिकाणी साठवते आणि मगच यंत्र नेहमीप्रमाणे सुरू करते. त्यानंतर अभियंता निवांतपणे पंचनामा करू शकतो. ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ या आवृत्तीपासून ही सोय कर्नेलमध्ये आहे.

शोधसाधनांच्या या कामात मराठी नावही आहे. कर्नेलला दुसऱ्या संगणकावरून थांबवून ओळीओळीने तपासणाऱ्या ‘केजीडीबी’ या डीबगरच्या फाइलवर अमित काळे यांचे नाव आहे. पुण्यातील लिनसिससॉफ्ट या कंपनीच्या पत्त्यासह २००३-०४ ची ही नोंद आहे. टोरवाल्ड्स यांचा अशा साधनांना दीर्घकाळ विरोध होता. डीबगरच्या आधाराने अभियंते आज्ञावली समजून घेण्याऐवजी लक्षणांवर मलमपट्टी करतात, असे त्यांचे मत होते. अखेर २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीला स्थान मिळाले.

काम प्रत्यक्षात कसे चालते?

बाहेरून पाहणाऱ्याला या अभियंत्याचा दिवस टंकनात जात असेल असे वाटते. प्रत्यक्षात बहुतांश वेळ वाचनात आणि दोष पुन्हा घडवून आणण्यात जातो. आठवड्यातून एकदाच, विशिष्ट भार आल्यावर प्रकट होणारा दोष हाताशी यावा म्हणून दिवसेंदिवस प्रयोग करावे लागतात. सापडलेली दुरुस्ती अनेकदा दोन-तीन ओळींचीच असते. तिच्यासोबतचे स्पष्टीकरण मात्र पानभराचे असते.

शोधाची एक पद्धत गणितावर आधारलेली आहे. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तीत हजारो बदल असतात. समजा, जुन्या आवृत्तीत नसलेला दोष नव्या आवृत्तीत आढळला आणि मधे १६,३८४ बदल झाले आहेत. ते एकेक करून तपासणे अशक्य आहे. म्हणून मधोमधची स्थिती घेऊन चाचणी करतात. दोष आढळला तर तो पहिल्या अर्ध्या भागातला, अन्यथा दुसऱ्या. दरवेळी निम्मे बदल बाद होत जातात आणि केवळ १४ चाचण्यांत नेमका दोषी बदल हाती लागतो. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या व्यवस्थेत ही सोय आहे.

प्रत्येक बदल त्या विभागाच्या देखभालकर्त्याकडे ईमेलने जातो आणि सर्वांसमक्ष त्याची छाननी होते. वरिष्ठ अभियंत्याचे कामही नाकारले जाते, पाच-सात वेळा परत पाठवले जाते. बदल पाठवणाऱ्याला खाली आपल्या नावाची स्वाक्षरीची ओळ लिहावी लागते. आपल्याला हे काम देण्याचा हक्क आहे, अशी ती जाहीर ग्वाही असते. ही प्रथा २००४ पासून आहे. आधी चालत असलेले उपयोजन नव्या कर्नेलमुळे बंद पडता कामा नये, हा दुसरा कडक दंडक आहे.

मान्यता मिळाली म्हणजे काम चिरंतन झाले, असेही नाही. सुपर्णा भट्टाचार्य यांनी २००४ मध्ये जोडलेला ‘जेप्रोब’ हा भाग अधिक चांगले पर्याय आल्यानंतर पुढे काढून टाकण्यात आला. फाइलच्या शिरोभागातील त्यांच्या कामाची नोंद मात्र कायम राहिली.

शिक्षण आणि तयारी

या क्षेत्राची मुख्य भाषा आजही सी हीच आहे. नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून देशातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती शिकली. परंतु भाषा येणे ही केवळ सुरुवात असते. प्रोसेसर सूचना कशा पार पाडतो, आभासी स्मृतीचे पत्ते खऱ्या पत्त्यांत कसे रूपांतरित होतात, दोन प्रोसेसर एकाच माहितीला एकाच वेळी हात घालतात तेव्हा काय घडते, या प्रश्नांची उत्तरे कळल्याखेरीज कर्नेलमध्ये पाऊल टाकता येत नाही.

त्यासाठी अमेरिकेतील एमआयटीने अध्यापनासाठी लिहिलेले ‘एक्सव्ही६’ हे काही हजार ओळींचे छोटे कर्नेल उपयोगी पडते. सत्राच्या अवधीत ते संपूर्ण वाचून होऊ शकते आणि साध्या संगणकावरही आभासी यंत्रात चालवता येते. तेथे केलेल्या चुकीने काहीच बिघडत नाही; आभासी यंत्र कोसळते आणि पुन्हा सुरू होते. लिनक्समध्येही पहिले पाऊल बहुधा दस्तऐवजातील त्रुटी, चाचण्या किंवा एखाद्या ड्रायव्हरमधील किरकोळ दुरुस्तीने पडते.

क्षेत्र बदलतही आहे. स्मृतीच्या हद्दीबाहेर वाचण्यासारख्या चुका बऱ्याच अंशी कंपायलरच्या पातळीवरच रोखणाऱ्या रस्ट या भाषेला डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये प्रवेश मिळाला. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर खुल्या ‘रिस्क-फाइव्ह’ रचनेवर आधारित आहेत. प्रोसेसर देशी असला तरी कर्नेल, कंपायलर आणि ड्रायव्हर यांच्या पाठबळाविना तो वापरात येऊ शकत नाही. ते लिहिणाऱ्या अभियंत्यांची गरज त्यामुळे वाढणार आहे.

श्रेयाचा आणि सहभागाचा प्रश्न

बंगळुरूत होणारे सिस्टीम सॉफ्टवेअरचे बरेच काम कंपन्यांच्या बंद दारांआड राहते. ते चिपसोबत जगभर जाते. पण कोणी लिहिले, हे बाहेर कळत नाही. खुल्या प्रकल्पांत स्थिती वेगळी आहे. २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ या नावाने सुरू झालेल्या आणि २००५ पासून ‘फॉस.इन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या परिषदेने हाच मुद्दा लावून धरला होता. भारताने खुले सॉफ्टवेअर केवळ वापरू नये, घडवावेही, असा तिचे प्रमुख संयोजक अतुल चिटणीस यांचा आग्रह होता. परिषद २०१२ मध्ये शेवटची भरली आणि चिटणीस यांचे २०१३ मध्ये बंगळुरूत निधन झाले. प्रश्न मात्र कायम आहे. ज्या सॉफ्टवेअरवर देशातील पेढ्या, रुग्णालये आणि दूरध्वनी अवलंबून आहेत, ते बिघडल्यास आतून तपासू शकणारे किती जण आपल्याकडे आहेत, यावर संकटकाळी आपण इतरांच्या दुरुस्तीची वाट पाहणार की स्वतः ती करणार, हे ठरते.

जुलै २०२४ च्या त्या दिवशी हाताने फाइल काढण्यासाठी धावणाऱ्या कर्मचाऱ्यांना यंत्रे पुन्हा सुरू करता आली, कारण दोष कोणत्या फाइलमध्ये आहे हे कोणीतरी आधी शोधून काढले होते. त्या शोधामागे कोसळलेल्या यंत्राच्या स्मृतीचे वाचन असते. वापरकर्त्यापर्यंत ते काम कधी पोहोचत नाही. त्याला फक्त यंत्र पुन्हा सुरू झालेले दिसते.